दोन नांगरांचा धनी

बोट घेतल्यावर आठच दिवसांत आमच्या राई गावात मला लोक कप्तान म्हणू लागले. लोक म्हणजे मी. बाकीचे 'रिटायर होऊन येडा झाला' एवढंच म्हणत. सोळा फुटी जुनी फायबरची बोट, एक शीड, एक सुकाणू आणि एक नांगर. उत्तनच्या तांडेलांनी शिडं गुंडाळून इंजिनं बसवली त्याला जमाना झाला, तेव्हा वाऱ्यावर बोट चालवणारा पंचक्रोशीत मी एकटाच, अशी माझी समजूत होती. पहिल्याच अमावास्येला बोटीने दाखवून दिलं की ती माझ्याशिवायही चालते. रात्री वसईच्या खाडीत नांगरून आलेली बोट सकाळी तिवरांत, चिखलावर कुशीवर आडवी, उन्हं खात पडली होती.

चूक माझी असणं शक्यच नव्हतं. म्हणजे नांगराची. म्हणून दुसरा आणला.

दुकानदाराने दिला तो फाळासारख्या टोकाचा, आणि तिथून माझं डोकं फिरलं. मराठीत शेत उकरतो तोही नांगर आणि बोट धरतो तोही नांगर. पंडित सांगतात की शेतातला संस्कृत 'लाङ्गल'मधून आला आणि पाण्यातला फारसी 'लंगर'मधून. गुरुद्वारात आपण जेवतो तो लंगरही फारसीतलाच. म्हणजे एकाच शब्दात पेरणी, जेवण आणि मुक्काम! आणि गंमत पाहा, जी. आय. टेलर नावाच्या केंब्रिजच्या पदार्थविज्ञानवाल्याने 1933 साली बोटीसाठी नवा नांगर शोधून काढला, तो चक्क शेतातल्या नांगराच्या आकाराचा. नाव ठेवलं सीक्यूआर. भरभर म्हणा, 'सिक्युअर' ऐकू येतं. साहेबाला जे 1933 साली सुचलं ते आमच्या भाषेने कधीच एका शब्दात बसवून ठेवलं होतं, हे मी चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात आणि एकदा दाताच्या डॉक्टरांना, तोंडात कापूस असताना, सांगितलं आहे.

दोन्ही नांगर मी नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून टाकले. एक भरती येते त्या अंगाला, दुसरा ओहोटी जाते त्या अंगाला. पाणी कुठूनही ओढो, एक ना एक नांगर धरणारच आणि बोट जागच्या जागी फिरणार. पद्धत अस्सल आहे, अरुंद खाडीत जगभर वापरतात. फक्त पाणी दर सहा तास बारा मिनिटांनी उलटतं आणि बोट दर वेळी वळते, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. वळायचीही दर वेळी त्याच दिशेने गरगरत. दोन दिवसांनी गेलो तर नाळेखाली दोन दोरांची वेणी. सोडवायची तर एक दोर बोटीवरून सोडायचा आणि दुसऱ्याभोवती उलटे वेढे घेत काढायचा. तासभर मी वेढे घेतले. त्यातला अर्धा तास पीळ वाढवण्यात गेला.

शेजारून एक तांडेल चालले होते. इंजिन मंद करून म्हणाले, "शेट, बोट बांदताव का म्हैस?"

हा घाव वर्मी लागला, त्याला कारण आहे. मेट्रो 9 ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वाच्या जमिनीवर आखली होती. गावं विरोधात उभी राहिली, पुढे ती डोंगरीकडे सरकवली. त्या दिवसांत एका बैठकीत मीही उठून बोललो होतो. "आमची नाळ या मातीशी जोडलेली आहे!" टाळ्या पडल्या. घरी येऊन हात बघितले. या हातांनी जन्मात रुमणं धरलेलं नाही. बँकेत चौतीस वर्षं लोकांच्या सातबाऱ्यांवर कर्जं दिली. आमच्या सातबाऱ्यावरच्या खारजमिनीत भात बाबांनी पिकवला, आणि त्यांच्यानंतर तिथे गवत. आता नाळ आहे ती बोटीची, आणि नांगर आहेत दोन.

आय चौऱ्याऐंशी वर्षांची. पडवीत बसून माझी सगळी कथा ऐकली. मग विचारलं, "दोर किती सोडलास?"

"बारा मीटर. ओहोटीला पाणी दोन मीटर होतं. पुस्तकात पाच ते सात पट सांगतात, मी सहा पट दिला." बँकवाला आहे, हिशेब चोख.

"न् भरतीला?"

मी गप्प. उधाणाची भरती चार मीटर चढते. दोनाचे सहा झाले की माझा सहा पट दोर जेमतेम दुप्पट उरतो. मग बोट नांगराला आडवं ओढत नाही, वर उचलते. आणि नांगर रुततो तो आडव्या ओढीनेच.

"बैल जवल जुंपला का फाल वर येतो," आय म्हणाली. "तुजा बापूस लांब जुंपाचा."

टेलरसाहेबाचं सगळं तिने दोन वाक्यांत उरकलं, आणि बाबांचंही. मी पोर असताना बांधावर बसून पुस्तक वाचायचो. शिकायला बस, असं बाबांनीच सांगितलं होतं. त्यामुळे बैल किती लांब जुंपतात हे मी कधी मान वर करून पाहिलंच नाही.

आता बोट एकाच नांगरावर असते, दोर चाळीस मीटर. तिला फिरायला जागा जास्त लागते, म्हणून खाडीच्या रुंद भागात नेऊन लावली आहे. दुसरा नांगर पडवीत, बाबांच्या लाकडी नांगराशेजारी टेकवून ठेवला. परवा एक पाहुणे आले. दोन्हींकडे बघत म्हणाले, "अरे वा, यातला तुमचा कुठला?"

मी टेलरसाहेबापासून सुरुवात करणार, तेवढ्यात आय आतून म्हणाली, "त्याचा तो. कोरा हाय बग."