चौदा वेळा खोडलेली याहा

माननीय प्रकाशकसाहेब,



आपलं कृपापत्र पावलं. सोबत माझ्या अकरा कथांचं बाडही सुखरूप परत आलं. लेखकाला उत्तर देणारे प्रकाशक आता उरलेत कुठे? आपण तर रजिस्टर पोस्टानं धाडलंत. सातपुड्यातल्या एका मास्तरासाठी एवढी तसदी घेतलीत, त्याबद्दल आधी आभार मानतो, मग बाकीचं बोलतो.

आपल्या संपादकांनी कथा शब्द न् शब्द वाचल्या, हे पानापानावर लाल शाईत दिसतं. पान ४१ वर त्यांनी सगळ्यात जास्त कष्ट घेतलेत. तिथं म्हातारी पहाटे मोहाची फुलं वेचायला निघते आणि अर्धवट झोपेतला मुलगा तिला हाक मारतो. माझ्या कागदावर तो ‘याहा’ म्हणतो. आपल्या संपादकांनी ते खोडून ‘आई’ केलंय. एकदा नाही, त्या एका पानावर चौदा वेळा. मी मोजलं.

साहेब, आमच्या भिलीत आईला याहा म्हणतात. देवमोगऱ्याची आमची देवी, तिलाही आम्ही याहा मोगीच म्हणतो. शिवरात्रीला डोंगर उतरून हजारो माणसं तिच्या दर्शनाला चालत जातात, ती याहाकडे जातात. माझ्या पाड्यावर कुणी ‘आई’ अशी हाक मारली, तर एकही बाई वळून बघणार नाही. आपण माझी भाषा शुद्ध केलीत. त्यात माझ्या गोष्टीतल्या पोराला त्याची आई ऐकू येईनाशी झाली, एवढंच.

त्याच पानावर तळटीपही जोडून दिलीत : ‘मोह – दारू गाळण्याचे फूल.’ किती थोडक्यात सांगितलंत! होळीच्या आसपास झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवायचा, तांबडं फुटायच्या आधी टोपलं घेऊन जायचं, गळलेली फुलं ओणवं होऊन एकेक उचलायची, ती वाळवायची, पावसाळ्यात घरात धान्य संपलं की उकडून पोरांच्या पुढ्यात ठेवायची, पुढं बिया फोडून त्यांचं तेल काढायचं, हे सगळं आपण एका शब्दात आटोपलंत. दारूही होते, नाही कशाला म्हणू? देवाला तिची धार लागते. पण माझी याहा कंबर धरून त्या झाडाखाली वाकते, ती दारूसाठी वाकत नाही. ते मी कथेत लिहिलं होतं. तळटीप वाचलेल्याला ते दिसणार नाही.

आता शब्दसूचीविषयी. ‘वाचकांच्या सोयीसाठी’ आपण माझ्या ६३ शब्दांचे अर्थ मागितलेत. वाचकांची आपल्याला एवढी काळजी, हे वाचून भरून आलं. मीही आपला वाचक आहे, साहेब. नवव्या वर्षी आश्रमशाळेच्या पेटीतलं पुस्तक हातात आलं, तेव्हा त्यात सोवळं होतं, माजघर होतं, पळीपंचपात्री होती, चित्राहुती होती. शब्दसूची नव्हती. चित्राहुती म्हणजे काय हे विचारायला मी मास्तरांकडे गेलो आणि जेवताना ताटाशेजारी भाताचे छोटे घास ठेवून त्यांनी ती दाखवली. ती मराठी मी कष्टानं, आवडीनं शिकलो. तिच्यावर माझं प्रेम आहे, म्हणून तर तिच्यात लिहितो. तिच्यासाठी मी जेवढे शब्द विचारत हिंडलो, तेवढे माझ्यासाठी कुणी विचारावेत, ही अपेक्षा फार झाली का?

आपली सूचनाही मोलाची आहे. कथा ‘ठीक’ आहेत. पण मी आत्मकथन लिहावं, सरदार सरोवराच्या बुडिताचं लिहावं, ‘तिथे दाहक अनुभव असणार’. आपला अंदाज बरोबर आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावं त्या पाण्याच्या तडाख्यात सापडली. त्यावर लिहायला हवं, आणि ज्याचं त्याला लिहावंसं वाटेल तेव्हा तो लिहील. मी मात्र भोंगऱ्या बाजारात पळून गेलेल्या बोकडाची गोष्ट लिहिली, बहिणीच्या लग्नात ढोल हरवणाऱ्या मामाची लिहिली, एका जोडप्याच्या अबोल्याची लिहिली. वाचताना हसू यावं म्हणून लिहिली. ‘आदिवासी लेखकाकडून ही अपेक्षा नसते’ हे आपलं वाक्य मी तीनदा वाचलं. म्हणजे आम्ही आपल्या दारी यायचं ते जखम दाखवायला. दाखवून झाली की बाकीची माणसाची गोष्ट बाहेर ठेवायची.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीनं काढलं, त्यानं मराठी गदगदा हलली. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ ही पुस्तकं नसती, तर मी हातात पेन धरलं नसतं. पण त्या माणसांनी दार उघडलं, ते मागच्यांना आत येता यावं म्हणून. आपण त्या दाराचा साचा केलात. त्यात मावेल तोच आत.

मुखपृष्ठाबद्दल तर शब्द अपुरे आहेत. पुस्तक काढलंच तर वर वारली नाच घेऊ, असं आपण सुचवलंत. जिव्या सोमा मशे या डहाणूकडच्या कलावंतानं ती चित्रकला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमचे ते अभिमानाचे. पण मी भिल्ल आहे, साहेब. वारली नाही. माझ्या पाड्यापासून डहाणू दूर आहे, भाषा वेगळी, देव वेगळे. कोकणातल्या गोष्टीवर आपण वऱ्हाडातल्या वाड्याचं चित्र टाकाल का?

‘अशा पुस्तकांना ग्राहक नाही’ हेही आपण मोकळेपणानं कळवलंत. धंदा आहे, समजतं. पण २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यातले आदिवासी एक कोटी पाच लाख भरले. देशात भिली आणि तिच्या बोली मातृभाषा म्हणून सांगणारे एक कोटी चार लाख. तरी भिली आठव्या अनुसूचीत नाही. हे सगळे उद्या आपलं पुस्तक विकत घेतील, असा दावा मी करत नाही. पण ज्याच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, ज्याच्या शाळेच्या पेटीत त्याचं नाव असलेलं एकही पान नाही, तो ग्राहक होणार तरी कधी? आणि शहरातला वाचक ‘याहा’ या दोन अक्षरांना घाबरतो, हे आपण परस्पर कसं ठरवलंत? त्याला विचारलंत का?

हे ठरवणारं टेबल जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवलं, ते नाकारलं गेलं. ग्रंथकारांची सभा न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७८ साली पुण्यात सुरू झाली. १८८५ साली तिचं आमंत्रण आलं, तेव्हा जोतीरावांनी पत्र लिहून सांगितलं की येणार नाही. त्याच परंपरेतल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दलित लेखक शंकरराव खरात बसायला १९८४ साल उजाडावं लागलं. आमच्याच शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ नावाची कविता लिहिली. व्यासपीठावर कोण बसतं आणि खाली कोण, याबद्दलची ती कविता आपल्या संपादकांनी जरूर वाचावी. मराठीतच आहे.

अमेरिकेत ली अँड लो नावाच्या प्रकाशकांनी २०१५ साली तिथल्या प्रकाशनगृहांतली माणसं मोजली. ७९ टक्के गोरी निघाली. चार वर्षांनी पुन्हा मोजली, तेव्हा ७६. आकडा फारसा हलला नाही, पण त्यांनी तो सगळ्यांसमोर मांडला. आपण निदान आपली कचेरी मोजा. बोटं पुरतील. निवड कोण करतं, मुद्रितं कोण तपासतं, परीक्षणासाठी पुस्तक कुणाकडे धाडायचं हे कोण ठरवतं, आणि त्यांतला कोण कुठून आलाय.

मी आपल्या कचेरीत बाड द्यायला आलो होतो, ते आपल्याला आठवत नसेल. आपण कामात होता. बाकावर दीड तास बसलो. चहा घेऊन आलेला पोरगा अक्कलकुव्याचा निघाला. मांडीवरच्या बाडावर शीर्षक होतं, ते त्यानं कप ठेवता ठेवता वाचलं आणि भिलीत विचारलं, “याहावर लिहिलंय?” मी मान हलवली. त्यानं किटली खाली ठेवली, पहिलं पान उभ्याउभ्या वाचलं आणि फुललेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. आतून हाक आली, तसा गेला. आपल्या कचेरीत माझं पुस्तक शब्दसूचीशिवाय वाचू शकणारा तो एकच माणूस होता, आणि त्याचं मत आपण विचारलं नाहीत.

तेव्हा कृपा असू द्यावी आणि एवढं करावं. त्या पोराला शिकवा, पगार द्या, मुद्रितं तपासायच्या टेबलाशी बसवा. त्याच्यासारखे गोंडी, कोरकू, पावरी, कातकरी बोलणारे आणखी बसवा. मग माझं बाड पुन्हा नाकारलंत तरी मी तक्रार करणार नाही. कथाच कच्ची आहे, असं समजून परत लिहायला बसेन.

पान ४१ मी नव्यानं हातानं लिहून काढलंय, सोबत जोडलंय. त्यात ‘याहा’ चौदा वेळा आहे. छापाल तर चौदाही वेळा छापा.

आपला नम्र,
अक्राणी तालुक्यातला एक मास्तर