किल्लेदार

त्याचं आडनाव किल्लेदार नाही. खरं आडनाव त्याच्या घराच्या कर्जाच्या कागदांवर असेल. सिएटलच्या पूर्वेला, मोठ्या तळ्यापलीकडच्या उपनगरांत राहणारी आम्ही वीसेक मराठी कुटुंबं त्याला किल्लेदारच म्हणतो. सोमवार ते शुक्रवार तो क्लाउडमध्ये नोकरी करतो आणि शनिवारी खऱ्याखुऱ्या ढगात जातो. जाताना आम्हाला घेऊन जातो. तक्रार एवढीच आहे.

असा एक माणूस परदेशातल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात असतोच. म्युनिकच्या बाजूला असेल तर त्याला आल्प्स मिळतात, डेन्व्हरला असेल तर रॉकीज, आमच्याला कॅस्केड्स मिळाले. डोंगर कुठलाही असो, त्याच्याकडे बघून हा माणूस पहिलं वाक्य बोलतो ते सह्याद्रीबद्दल.

'हाइक' हा शब्द त्याला चालत नाही. "हाइक पगारात मिळते, वहिनी. डोंगरात असतो तो ट्रेक." मिळते हे त्याच्या बाबतीत खरं असावं, कारण दर दिवाळीत त्याची सॅक नवी असते. कॉलेजात असताना 'अॅक्शन'चे एक जोडी बूट आणि चुलतभावाकडून आणलेली फाटकी सॅक यांवर त्याने अर्धा सह्याद्री पालथा घातला, असं तो सांगतो. आता त्याच्याकडे कोरड्या थंडीचं जॅकेट वेगळं आणि ओल्या थंडीचं वेगळं आहे. डोंगरसामानाच्या दुकानात तो तुळशीबागेत शिरलेल्या नव्या नवरीसारखा हरवतो आणि प्रत्येक वस्तू घेताना म्हणतो, "आम्हाला तिकडे यातलं काही लागायचं नाही."

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा निरोप ग्रुपवर आला. 'मेपल पास. साडेअकरा किलोमीटर, चढ दोन हजार फूट. वाटेत तळं, वर खिंड. श्रेणी : मध्यम. लहान मुलं व ज्येष्ठ नागरिक आरामात येऊ शकतात. पहाटे ५ म्हणजे ५.'

यातल्या 'मध्यम' या शब्दापासून नवख्यांनी सावध राहावं. किल्लेदाराच्या कोशात ज्या वाटेवरून माणूस स्वतःच्या पायांनी परत येतो ती सोपी, दुसऱ्याच्या आधाराने येतो ती मध्यम. कठीण श्रेणी त्याने आमच्यासाठी कधी काढलीच नाही.

पाच म्हणजे पाच वाजता आम्ही सगळे पार्क अँड राइडच्या अंधारात कुडकुडत उभे होतो. किल्लेदार पाच वीसला आला. त्याने बायकोला पहाटे चारला उठवून धपाटे लावायला बसवलं होतं आणि शेवटचे चार तव्यावर होते. "ट्रेकला धपाटेच. सँडविच खाऊन कुणी गड चढलाय का?" माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले होते. ते गाडीत मागच्या सीटवर शाल पांघरून बसले होते. "गड कुठला?" त्यांनी विचारलं. "गड नाहीये काका, खिंड आहे." "बरं," म्हणून बाबांनी डोळे मिटले. गेली तीस वर्षं ते रोज सकाळी पर्वती चढतात. त्यापलीकडे त्यांनी डोंगरांविषयी कधी मत दिल्याचं मला आठवत नाही.

नॉर्थ कॅस्केड्स हायवे हा एक अजब रस्ता आहे. १९७२ साली तो खुला झाला आणि तेव्हापासून जवळजवळ दर हिवाळ्यात बंद होतो, कारण वर बर्फ इतकं पडतं आणि हिमकडे इतके कोसळतात की तो उघडा ठेवणंच परवडत नाही. वसंतात नांगर लावून पुन्हा खणून काढावा लागतो. वाटेत डायाब्लो तळं लागतं. हिमनद्यांनी खडक दळून केलेलं पीठ त्या पाण्यात तरंगत असतं, त्यामुळे त्याचा रंग पाहिल्यावर कुणीतरी वरून रंगाचा डबा ओतलाय असं वाटतं. आमच्यातल्या नव्या जोडप्याने "अय्या!" म्हणून गाडी थांबवायला लावली. किल्लेदार खाली उतरला, कठड्याला टेकला, आणि म्हणाला, "छान आहे. पण पावसाळ्यात पवना बघा."

रेनी पासला पोचेपर्यंत साडेआठ झाले आणि पार्किंग खचाखच भरलेलं. याला कारण लार्च. हे झाड सूचिपर्णी कुळातलं, पण त्या कुळाला न शोभणारं. पाईन-फर बारा महिने हिरवे राहतात; हा मात्र शरदात पिवळाधमक होतो आणि सुया गाळून मोकळा उभा राहतो. सोनं टिकतं जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात सारं सिएटल इथे लोटतं. सप्टेंबरच्या त्याच दिवसांत तिकडे साताऱ्याला कास पठारावर फुलं बघायला झुंबड उडालेली असते. आम्ही हायवेच्या कडेला अर्धा मैल अलीकडे गाडी लावली आणि डांबरावरून चालू लागलो. किल्लेदाराला त्या दिवसात पहिल्यांदाच खरा आनंद झालेला दिसला. "रविवारचा सिंहगड!" तो म्हणाला.

वाटेच्या तोंडाशी त्याने सगळ्यांना गोल उभं करून सॅकची तपासणी घेतली. सिएटलच्या 'द माउंटेनियर्स' या जुन्या गिर्यारोहण संस्थेने १९३०च्या दशकात डोंगरात नेण्याच्या दहा वस्तूंची यादी केली. नकाशा, होकायंत्र, विजेरी, जादा कपडे, काड्यापेटी वगैरे. जगभरचे डोंगरवाले आजही तिला प्रमाण मानतात. किल्लेदारही मानतो, त्याने फक्त अकरावी वस्तू जोडली आहे, ठेचा. माझ्या नवऱ्याच्या सॅकमध्ये होकायंत्र निघालं नाही, त्यावर किल्लेदार एक अक्षर बोलला नाही. ठेचाही निघाला नाही, तेव्हा मात्र त्याने मान हलवली.

चढ सुरू झाला. वाट झाडीतून, वळणं घेत, अगदी सभ्यपणे वर जाते. समोरून-मागून माणसं, आणि माणसांबरोबर कुत्री. त्यातल्या एका कुत्र्याच्या पाठीवर त्याची स्वतःची सॅक होती, दोन्ही बाजूंना कप्पे असलेली. स्वतःचं पाणी आणि खाणं तो स्वतः वाहत होता. मी मागे वळून आमच्या दोन मुलांकडे पाहिलं. त्यांचं पाणी, जॅकेटं आणि एकाचा बूटसुद्धा आम्ही वाहत होतो.

चालता चालता किल्लेदाराने नळीची वाट काढली. हरिश्चंद्रगडाची ही वाट बेलपाड्यातून थेट कोकणकड्याच्या कुशीतून वर जाते आणि ती अवघड आहे, यात वाद नाही. किल्लेदार ती भर पावसात चढला होता. मी ही कथा सहाव्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्यात बिबट्याच्या पावलांचे ठसे होते. मध्यंतरी कधीतरी झाडीत दोन डोळे चमकले. या वेळी बिबट्या वाटेवर बसला होता आणि किल्लेदाराने त्याच्या नजरेला नजर दिली. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तीही त्या ट्रेकला होती. त्यांचं जमलं तेच मुळी तिथे. "अर्ध्यातून परत फिरलो होतो," ती माझ्या कानाशी म्हणाली. "पाऊस फार होता. खाली एका घरी पिठलं-भाकरी खाल्ली. पिठलं मात्र खरंच चांगलं होतं हो."

एक गोष्ट मला त्या वाटेवर उमगली. आपल्याकडे डोंगरात धापा टाकत कुणा गुराख्याला विचारावं, "दादा, गड किती लांब?" की तो म्हणतो, "ह्यो काय, हितंच. एका बिडीत पोचाल." मग तीन तास चालावं लागतं. इथे कुणाला विचारायचीही गरज नाही. वरून उतरणारा प्रत्येक अमेरिकन तुमचा चेहरा बघून आपणहून सांगतो, "यू आर ऑलमोस्ट देअर!" हे पहिल्यांदा आम्हाला वाटेच्या तोंडापासून चारशे पावलांवर सांगण्यात आलं.

मूळ वाट सोडून एक फाटा लेक ॲनकडे जातो. तळं समोर आलं आणि पोरंसुद्धा गप्प झाली. तिन्ही बाजूंनी उभा कडा, मधे वाडग्याच्या तळाशी राहिल्यासारखं पाणी, एका कडेला मूठभर झाडांचं बेट. हे वाडगं हिमनदीने कोरलेलं. किल्लेदार काठावरच्या दगडावर बसला, पाण्यात हात घातला आणि झटकन काढला.

"आपल्याकडे अशी तळी का नाहीत माहितीये?" त्याने पोरांना विचारलं. "आपला सह्याद्री लाव्हाचा. थरावर थर, काळा कातळ. तिथे बर्फ नाही, हिमनदी नाही, मग तळं कोण खोदणार? म्हणून आपण खोदली. छिन्नी-हातोड्याने. प्रत्येक गडावर टाकी. भर उन्हाळ्यात ओंजळ घाला, दात शिवशिवतात." हे तो छान सांगतो. असं बोलताना त्याच्या गोष्टीत बिबट्या नसतो आणि मला तो आवडतो.

पण लगेच माझ्या नवऱ्याने घड्याळात उंची पाहिली. आपण बसलोय ती जागा कळसूबाईच्या माथ्याएवढी उंच आहे, असं त्याने जाहीर केलं. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. आणि इथे तेवढ्या उंचीवर लोक पाय सोडून केळी खात बसलेले. सगळे किल्लेदाराकडे बघू लागले.

"उंचीचं काय एवढं," तो म्हणाला. "पार्किंगच पावणेपाच हजार फुटांवर बांधलंय. कळसूबाईला बारीपासून चालायला लागतं."

यावर कुणी काही बोलणार तोच एका करड्या पक्ष्याने त्याच्या हातातली बाकरवडी उचलली. कॅनडा जे नावाचा हा पक्षी या डोंगरांतला अट्टल उचल्या आहे. पुण्याहून आलेली, दोन विमानं बदललेली ती बाकरवडी घेऊन तो फांदीवर बसला. इथे वन्यप्राण्यांना खाऊ घालू नये असा नियम आहे आणि किल्लेदार नियमांचा पक्का. रायगडाच्या पायऱ्यांवरून त्याने पोती भरून प्लास्टिक उतरवलंय, आणि इथेही वर्षातून दोनदा वाटा दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांत जाऊन कुदळ मारतो. तो उभा राहून त्या पक्ष्याला इंग्रजीत समजावू लागला. पक्षी बाकरवडी संपवून दुसरीची वाट बघत बसला.

हेदर पासच्या पुढे झाडी विरळ होते आणि लार्च सुरू होतात. त्यांचं वर्णन मी करणार नाही. दुपारच्या उन्हात ते जसे दिसतात तसे फोटोत येत नाहीत, आणि आम्ही चारशे फोटो काढून याची खात्री केली आहे. दगडांच्या राशीतून पायका नावाचे सशांचे उंदराएवढे भाऊबंद चिरकत होते. किल्लेदार पुढे, मग पोरं, मग आम्ही. बाबा कुठे दिसेनात. मी घाबरले. "काका मागे राहिले असतील, मी बघतो," म्हणत किल्लेदार दोन वळणं खाली जाऊन आला. बाबा वर होते. खिंडीत पाठ टेकून शालीत बसले होते आणि एका अमेरिकन बाईंनी दिलेले खारवलेले बदाम खात होते. दोघांना एकमेकांचं काय समजत होतं कोण जाणे.

मेपल पासवर वारा उभं राहू देत नाही. खाली मघाचं तळं बेटासकट बशीएवढं दिसतं, पश्चिमेला आणि दक्षिणेला डोंगरांच्या रांगांमागे रांगा. किल्लेदाराने ग्लेशियर पीक दाखवलं. पाच मिनिटांनी दुसऱ्या बाजूचं दुसरं शिखर दाखवून त्यालाही ग्लेशियर पीक म्हणाला. शिवाजी महाराजांची गारद देण्याची त्याची पद्धत आहे. प्रत्येक माथ्यावर तो देतो. त्याने छाती भरून घेतली. पण शेजारीच एक वयस्क जोडपं हातात हात घालून डोळे मिटून बसलं होतं. किल्लेदार घुटमळला. मग त्याने संपूर्ण गारद दिली, अगदी सुरुवातीपासून, पण कानगोष्ट सांगावी इतक्या हळू आवाजात. आम्हीही तेवढ्याच हळू 'जय' म्हटलं.

त्यानंतर तो कड्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलेना, म्हणून मी चहाचा कप घेऊन गेले.

"वहिनी, ही खिंड कुठेच जात नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नाणेघाट घ्या. वर जुन्नर, खाली कोकण. सातवाहनांच्या काळापासून माल चढायचा, उतरायचा. जकातीचा दगडी रांजण अजून आहे तिथे. घाट म्हटला की पलीकडे काहीतरी हवं ना. इथे दोन हजार फूट चढायचं आणि फिरून परत गाडीशी."

मी खाली पाहिलं. पलीकडे खोल दरी, काळं अरण्य, एकही घर नाही. "गाडीत उरलेले धपाटे आहेत," मी म्हटलं.

"हो, ते आहेत," तो म्हणाला आणि चहा प्याला.

उतार उभा आहे. चढाने जे गुडघ्यांना विचारलं नव्हतं ते सगळं उतार विचारतो. पहिल्या मैलात किल्लेदार सह्याद्रीबद्दल बोलत होता, दुसऱ्यात कार्बनच्या काठ्यांबद्दल, आणि शेवटच्यात काहीच बोलला नाही. उतरताना बाबा त्याच्या बरोबरीने चालले. घाई नव्हती त्यांना.

गेल्या वर्षी आम्ही सगळे सुट्टीत पुण्याला असताना त्याच्याबरोबर राजगडावर गेलो होतो, तेव्हाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. संजीवनी माचीवर त्याचे जुने कॉलेजातले मित्र कौतुकाने बोट दाखवत होते आणि हा म्हणाला, "छान आहे. पण शरदात कॅस्केड्स बघा."

परतीला डोंगरात फोन चालत नाही. खाली काँक्रीट नावाचं गाव आहे, तिथे एकेकाळी सिमेंटचे कारखाने होते म्हणून हे नाव. त्या गावाजवळ सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ, पुण्यात रविवारची सकाळ. किल्लेदाराचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता.

"अरे काल रात्रीपासून फोन लागत नाही तुझा. कुठे होतास?" त्याची आई.

"कुठे नाही गं. इथेच, जवळ."

"डोंगरात गेला होतास ना? किती उंच होता? खरं सांग."

"डोंगर कसला, टेकडी गं. पर्वतीएवढी."

मागच्या सीटवर शालीतून बाबांनी एक डोळा उघडला.