एकच व्यक्ती

बोईसरच्या कुठल्याही सोसायटीत आणि चिंचणी-तारापूरच्या कुठल्याही आळीत एक नाना असतातच. अणुऊर्जा केंद्रातून नाहीतर एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी टोरांटोला. मुलं परदेशी नागरिक झाली की नानांना पुन्हा नोकरी लागते. बिनपगारी, फुल टाइम.

मुलाचा शपथविधी तासाभरात आटोपतो. हात वर करायचा, शपथ म्हणायची, झेंड्याशेजारी फोटो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आला की नानी पेढे आणायला सांगतात आणि नाना कपाटावरची फाईल खाली काढतात. "अभिनंदन मागाहून. आधी सांग, सर्टिफिकेटवर नाव काय घातलंस?"

इथेच माशी शिंकते. अमेरिकेत नागरिक होताना नावही बदलून घेता येतं. चिरंजीवांनी सुटसुटीतपणासाठी मधलं नाव, म्हणजे साक्षात नानांनाच, वगळलेलं असतं.

"बाबा, इथे फर्स्ट आणि लास्ट पुरतं."

"अरे, पण सातबाऱ्यावर मी मधेच उभा आहे ना!"

यापलीकडे भावुक व्हायला नानांना सवड नसते. नागरिकत्व कायदा 1955, कलम 9, त्यांना तोंडपाठ: आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. मग जुना पासपोर्ट जमा करा, सरेंडर सर्टिफिकेट घ्या, ओसीआयचा अर्ज भरा. इकडे नाना मतदार यादीतून मुलाचं नाव काढायला निघतात. ज्या उत्साहाने त्याच्या अठराव्या वर्षी ते घातलं होतं, त्याच उत्साहाने.

"ओसीआय म्हणजे नक्की काय हो, नाना?" शेजारी विचारतात.

"कायमचा पाहुणा. कधीही ये, हवं तितकं राहा. मत मागू नकोस आणि शेतजमीन विकत घेऊ नकोस."

"मग तुमच्या चिकूच्या वाडीचं काय?"

"ती वारसाने मिळते की! मी मरायला हवं आणि कागदावरचं नाव जुळायला हवं. त्यातलं पहिलं आपोआप होईल."

नानांची फाईल बघण्यासारखी असते. रबरबँडांनी आवळलेली, जांभळ्या शिक्क्यांनी डागाळलेली, प्रत्येक प्लास्टिकच्या खणावर चिठ्ठी. घराण्याचं आडनाव एकच, राऊत. इंग्रजीत मात्र शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पॅनकार्डावर दुसरं, बँकेत तिसरं. सूनबाईंचं माहेरचं नाव डिग्रीवर, सासरचं आधारवर आणि नव्या पासपोर्टावर मधे आडवी रेघ मारून दोन्ही. नाना-नानी दोघांचीही जन्मतारीख शाळामास्तरांच्या कृपेने 1 जून. सूनबाई दरवर्षी एकच केक मागवतात.

मुलाचं जन्मस्थळ दाखल्यावर 'तारापूर, जिल्हा ठाणे'. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. मुलाने देश बदलला, त्याचं त्याला रीतसर सर्टिफिकेट मिळालं. तारापूरने जागचं न हलता जिल्हा बदलला, त्याचा खुलासा नाना स्वतःच्या अक्षरात लिहून प्रत्येक अर्जाला जोडतात.

अमेरिका आणि तारापूर यांच्यातली कागदांची ओढाताण त्यांना नवी नाही. 1963 च्या करारानुसार इथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या मदतीने उभ्या राहिल्या, 1969 मध्ये चालू झाल्या. 1974 मध्ये पोखरणला स्फोट झाला आणि ठरलेल्या इंधनाला फाटे फुटले. शेवटी ते फ्रान्सकडून आणावं लागलं. "करारात लिहिलेलं असून टाळाटाळ केली," नाना सांगतात, "म्हणून मी प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढतो."

या सगळ्यावर त्यांचा रामबाण एकच, प्रतिज्ञापत्र. 'वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत.' नोटरी त्यांना पाहताच शाईचा पॅड उघडतो. पूर्वी राजपत्रात नाव बदलायला चर्नी रोडला जावं लागे. आता ते ऑनलाइन होतं, याचं सगळ्या बोईसरमध्ये वाईट एकट्या नानांना वाटतं. लोकलमध्ये चौथी सीट मिळवून, मांडीवर फाईल घेऊन, समोरच्याला कलम 9 समजावण्याची संधी गेली.

आणि चुकून एखाद्या कुटुंबाचे सगळे कागद पहिल्याच फटक्यात जुळले, तर नानांचा चेहरा पडतो. चष्मा पुसून ते पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतात. "असं होणं शक्यच नाही. बारशाला वेगळं नाव ठेवलं होतं का?"

परवा वारसनोंदीची चौकशी करायला नाना चावडीवर गेले. तलाठ्याचं पदनाम सरकारने बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलंय. नानांनी टेबलावरची पाटी वाचली, जुन्या फेरफारावरचा 'तलाठी' हा शिक्का वाचला, मग पुन्हा पाटी.

"साहेब, तलाठी आणि ग्राम महसूल अधिकारी ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आहे का तुमच्याकडे?"

साहेबांनी मान वर केली. "नाना, उद्या या."

"येतो," नाना म्हणाले, "नमुना घेऊनच येतो."