कासव की काडेपेटी? खिशातला कॅमेरा निवडण्याची प्राथमिक पुस्तिका

ही पुस्तिका पूर्ण नवशिक्यांसाठी आहे. दोनपैकी एक कॅमेरा ज्यांना आधीच आवडून गेला आहे त्यांनी ती वाचू नये. त्यांचं काम झालेलं आहे. उगाच डोक्यात किडा नको.

पुस्तिकेचा पहिला खर्डा मी २००७ साली केला. तेव्हा मी स्वतःच दोन कॅमेऱ्यांच्या कात्रीत होतो. खर्डा पुरा होईपर्यंत फोनने कॅमेरा गिळला आणि ते कागद विजेच्या बिलांच्या फाइलीत गेले. आता ते बाहेर काढले, कारण कॉलेजातली मुलं आईबापांची कपाटं उचकटून जुने डिजिटल कॅमेरे शोधू लागली आहेत. फोनमध्ये फोटो फारच चांगला येतो, अशी त्यांची तक्रार आहे. त्यांना फ्लॅशने पांढराफटक पडलेला चेहरा आणि मागे मिट्ट काळोख हवा असतो. आम्ही तो विनासायास काढत असू. २०२५ साली तर कॅननने आपला २०१६चा एक चिमुकला कॅमेरा, कार्डाचा खण बदलण्यापलीकडे फारसा हात न लावता, पुन्हा बाजारात आणला. म्हणजे पुस्तिकेला दिवस आले.

साहित्य: दोन कॅमेरे (मनात), एक वही, एक मेहुणा. मेहुणा नसल्यास ऑफिसातला जाणकार चालतो. "दोन महिने थांब, नवीन मॉडेल येतंय," एवढंच त्याने अधूनमधून म्हणायचं असतं.

पायरी पहिली: वाण ओळखा

खिशातल्या कॅमेऱ्यांचे मुख्य वाण दोन. पहिलं कासव. बटण दाबलं की भिंगाची नळी टप्प्याटप्प्याने मान बाहेर काढते, बंद केलं की आत ओढून घेते. कॅननची इक्सस मालिका या वाणाची. तिचं नाव १९९६ सालच्या एका फिल्म कॅमेऱ्यावरून आलेलं, डिजिटल अवतार २०००चा. २००७च्या इक्सस ७०चा चेहरा साधारण ८६ बाय ५४ मिलिमीटर होता, म्हणजे एटीएम कार्डाएवढा. जाडी मात्र साडेएकोणीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एकावर एक पंचवीस एटीएम कार्डं. जाहिरातीत चेहऱ्याचं माप असतं, पँटच्या खिशाला ती पंचवीस कार्डं कळतात.

(पेन्टॅक्सने २००३ मध्ये ऑप्टिओ एस काढला. त्यात मान आत घेताना भिंगांचा एक गट बाजूला सरकून बसे, लोकलमध्ये चौथ्या सीटवाल्यासाठी सरकतात तसा. हेही कासवच, पण डोंबिवलीचं.)

दुसरी काडेपेटी. हिच्यातून बाहेर काहीच येत नाही. पुढची पट्टी खाली सरकवली की वरच्या कोपऱ्यातून एक डोळा बघू लागतो. खरी करामत पोटात आहे. डोळ्यामागे लोलक बसवलेला असतो. तो आलेला प्रकाश काटकोनात वळवून खाली धाडतो, आणि झूमची भिंगं कॅमेऱ्याच्या आतल्या उभ्या नळीत वरखाली होतात. पाणबुडीतली माणसं समुद्र बघतात ती हीच युक्ती. २००२ साली मिनोल्टाच्या डिमाज एक्सने ती छोट्या कॅमेऱ्यात आणली, आणि २००३पासून सोनीच्या सायबर-शॉट टी मालिकेने तिला सरकतं झाकण लावून मिरवलं. आज फोनच्या जाहिरातीत 'पेरिस्कोप झूम' म्हणून ओरडतात ती हिचीच नात.

पायरी दुसरी: वहीत रकाने आखा

पहिल्या ओळीत मेगापिक्सेल लिहा. लिहून झाले की खोडा. का ते सांगतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. मी अडकलो होतो तो सात आणि आठ यांच्यामध्ये, आणि "दहा लाख जास्त मिळतायत साहेब" हे वाक्य कुठल्याही मध्यमवर्गीय कानाला गोडच लागतं. पण सातवाल्याचा फोटो ३०७२ ठिपके रुंद असतो, आठवाल्याचा ३२६४. म्हणजे फोटो रुंदीला जेमतेम सहा टक्क्यांनी वाढला. अल्बममधल्या सहा बाय चारच्या प्रिंटला, इंचाला तीनशे ठिपके धरले, तरी १८०० गुणिले १२०० म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. दोन्ही कॅमेरे गरजेच्या तिपटीवर. हा हिशेब दुकानात मोठ्याने करू नये; मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हिरमुसतात.

दुसऱ्या ओळीत सेन्सर. बहुतेक दोन्ही खोक्यांवर १/२.५ इंच असं छापलेलं असेल. भागाकार केला तर १०.१६ मिलिमीटर येतात. आता सेन्सर प्रत्यक्ष मोजा: ५.७६ बाय ४.२९, कर्ण सव्वासात मिलिमीटरच्या आत. मग दहा कुठून आले? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत चित्र टिपायला काचेची नळी असे. मापं नळीच्या बाहेरच्या व्यासाने सांगत, चित्र मात्र त्याच्या दोन तृतीयांश जागेत मावे. नळ्या गेल्या, मोजण्याची रीत राहिली. फ्लॅट घेतलेल्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको. १/२.५ इंच हा सुपर बिल्ट-अप, आणि तूरडाळीच्या दाण्याएवढा तो सेन्सर हा कार्पेट एरिया. फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या पस्तीसपट असतं. एवढ्याशा डाळीवर सत्तर लाख ठिपक्यांची बिऱ्हाडं बसवली की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश किती येणार? संध्याकाळ झाली की फोटोत रवा सांडल्यासारखं दिसतं ते त्यामुळे, आणि ते दोन्ही कॅमेऱ्यांत दिसतं. ओळ खोडा.

झूमची ओळ मात्र ठेवा, पण '३एक्स' हा आकडा नको. तीनपट म्हणजे स्वतःच्याच सर्वांत रुंद नजरेच्या तीनपट. ३५ ते १०५ हेही तीनपट, ३८ ते ११४ हेही तीनपट. यातला लहान आकडाच महत्त्वाचा, कारण आपण वाघाचे फोटो काढत नाही, बारशाचे काढतो. तीन मीटरवरून ३५वाल्याच्या चौकटीत ३८वाल्यापेक्षा साधारण वीतभर जास्त रुंदी मावते. वीत म्हणजे अर्धी मावशी. दीड खोलीच्या जागेत मागे सरकून सरकून फोटोग्राफरची पाठ फ्रिजला टेकलेली असते, आणि तेव्हा अर्ध्या मावशीचा प्रश्न फार नाजूक होतो. डिजिटल झूमबद्दल एवढंच: तो कात्रीचा प्रकार आहे, कापून मोठं करणं. बंद करून टाका.

बॅटरीच्या ओळीत 'एका चार्जिंगला इतके फोटो' असं लिहिलेलं असतं. ही परीक्षा जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने ठरवून दिली आहे. तापमान २३ अंश, दर तीस सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फ्लॅश, दहा फोटो झाले की कॅमेरा बंद, मग पुन्हा चालू. असा शिस्तीचा माणूस मी आपल्याकडे एकाही मुंजीत पाहिलेला नाही. आणि २३ अंश नागपुरात मे महिन्यात फक्त फ्रिजजवळ मिळतात, जिथे फोटोग्राफर आधीच उभा आहे.

पायरी तिसरी

ही खर्ड्यात होती. मेहुण्याने वाचायला नेली.

पायरी चौथी: दुकानात जा

२००७ साली मुंबईत दुकान म्हणजे फोर्ट, आणि फोर्टात म्हणजे बोरा बाजार. तिथे पहिला प्रश्न "बिल पाहिजे की नको?" हा असे. दुसरा "कोणता दाखवू?" मी दोन्ही मागितले. दुकानदाराने दोन्ही काउंटरवर ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझ्या हातातली वही त्याने पाहिली होती.

नवशिक्याने इथे काय करावं? बटण अर्धं दाबावं. पूर्ण नाही, अर्धं. अर्ध्या दाबाला कॅमेरा अंतर ठरवतो, उजेड मोजतो आणि 'टिक्' करतो. मग उरलेलं अर्धं दाबायचं. हे ठाऊक नसलेली माणसं एकदम बोट रोवतात, कॅमेरा सगळी कामं तेव्हाच सुरू करतो, आणि अंतरपाट दूर होतानाच्या फोटोच्या जागी अंतरपाट घडी घालतानाचा फोटो येतो. दोष कॅमेऱ्याला देतात. मीही चार लग्नं दिला.

फ्लॅशही तपासावा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. खोकंच एवढंसं असल्यामुळे फ्लॅश भिंगाच्या कुशीत बसवावा लागतो. तिथून निघालेला उजेड सरळ समोरच्याच्या बुबुळातून आत जातो, डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांवरून लाल होऊन परत येतो, आणि सत्यनारायणाला बसलेलं शांत जोडपं भुताच्या सिनेमातलं दिसू लागतं. आधी एक छोटा दिवा लावून बाहुल्या आक्रसून घेण्याची सोय कॅमेऱ्यात असते. तिने लाली कमी होते, पण त्या पहिल्या चमकेलाच "झाला फोटो" म्हणून मंडळी उठतात.

याच जवळिकीचा दुसरा परिणाम म्हणजे फोटोत तरंगणारे पांढरे गोळे. भिंगासमोरच्या धुळीचे कण फ्लॅशने उजळतात आणि फोकसमध्ये नसल्यामुळे फुगून गोल दिसतात. गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल असतो, मग तर विचारूच नका. आमच्या आत्याबाईंनी अशा एका फोटोतले गोळे मोजले. ते सात भरले, आणि तिच्या मते ते पूर्वज होते. सात पिढ्यांचा हिशेब लागल्यावर धुळीचा विषय काढणं बरं दिसत नाही.

पायरी पाचवी: कार्ड

ही लहान आहे पण इथे संसार मोडतात. कासव एसडी कार्ड खाई, काडेपेटी मेमरी स्टिक. सोनीने मेमरी स्टिक १९९८ पासून चालवली आणि २०१०मध्ये आपल्या कॅमेऱ्यांत एसडीलाही जागा दिली. मधल्या बारा वर्षांत नातेवाइकांमध्ये "तुमचं कार्ड आमच्यात बसत नाही" या वाक्याने लग्नाच्या पत्रिकेइतकीच कटुता आणली. आज जुना कॅमेरा घेणाऱ्याने कार्ड कोणतं ते आधी विचारावं, कार्ड रीडर शोधावा, आणि मागे वहीत लिहिलेलं सगळं विसरावं. बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्जिंगला लावू नये.

पायरी सहावी: प्रत्यक्ष निर्णय

आता एवढा अभ्यास झाल्यावर निर्णय कसा घ्यायचा, ते माझ्या उदाहरणावरून सांगतो. मी कासव घेतलं, कारण त्याच्यासोबत पाऊच फुकट होतं.

त्याच आठवड्यात साडूंनी काडेपेटी घेतली. त्यांनी वही केली नव्हती. पट्टी खाली सरकवली की 'खट्' असा आवाज येतो तो त्यांना आवडला, आणि दुकानातच त्यांनी तो वीसेक वेळा काढला.

पुढे दोन्ही कुटुंबं मिळून गुहागरला गेलो. कासव समुद्राला चांगलं, असं वाटत असेल तर ते चूक आहे. माझ्या खिशात वाळू होती आणि वाळूच्या आधी चिवडा होता. संध्याकाळी मान बाहेर येता येता 'कर्र' असा आवाज करून अर्ध्यावर थांबली, ती पुढेही जाईना, मागेही येईना. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. चिवड्यातला दाणा कुठल्या सांध्यात गेला ते मी पाहिलं होतं. आमच्या गुहागरचे सगळे फोटो म्हणून साडूंचे आहेत.

आता काडेपेटीचा एक गुण, जो वहीत कुठल्याच रकान्यात नव्हता. तिचा डोळा अगदी वरच्या कोपऱ्यात असतो, आणि कॅमेरा दोन्ही हातांनी धरणारा सज्जन माणूस डाव्या हाताची तर्जनी बरोबर तिथेच टेकवतो. साडूंच्या तर्जनीत पुष्कराजाची अंगठी होती. ज्योतिषाने उजव्या हाताची सांगितली होती, पण त्या बोटात ती शिरेना. समुद्र, बंदर, व्याडेश्वराचं देऊळ, ओळीने उभी पोरं, प्रत्येक फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक गुबगुबीत धूसर ढग, आणि फ्लॅशवाल्या फोटोंत ढगाच्या टोकाला पिवळा उजेड. आत्याबाईंनी अल्बम पाहिला तेव्हा त्या उजेडाला नमस्कार केला. साडूंनी तो तिला करू दिला. ते बोट आपलं नाही, असं ते आजही म्हणतात.

गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलीने आमच्याकडचं आणि त्यांच्याकडचं, दोन्ही कपाटं रिकामी केली. एका हातात माझं कासव, एका हातात काडेपेटी. "काका, कोणता घेऊ?" मी वही आणायला उठलो. सेन्सर, झूम, अर्धी मावशी, सगळं तिला नीट समजावून सांगणार होतो. बिलांची फाइल काढून परत येईतो मागून आवाज आला. खट्. मग पुन्हा खट्.

नवी बॅटरी आणि कार्ड रीडर तिने स्वतःच मिळवला. पहिला फोटो आमचाच काढला, मी आणि सौ., सोफ्यावर, चेहरे पांढरेफटक, मागे काळोख, अगदी तिला हवा तसा. चार दिवसांनी फोनवर आला. डाव्या वरच्या कोपऱ्यात बोट आहे. अंगठी अजून नाही.