बाणाची मागची बाजू

बाणाला पुढे टोक असते, मध्ये काडी आणि मागे पिसे. टोकाचा दरारा असतो, काडीचे कौतुक होते आणि पिसांकडे सहसा कोणी बघत नाही. महाराष्ट्रात धनुष्यबाण हे निवडणूक चिन्ह नेमके कोणाचे, हा वाद निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात पक्ष कोणता, हे सर्वांनी विचारले. पक्षी कोणता, हे एकानेही विचारले नाही.

वस्तुतः बाण सरळ जातो तो पिसांच्या जिवावर. नुसती काडी धनुष्यातून सोडली की ती डुलते, कलंडते आणि समोरच्याला लागलीच तर आडवी लागते. पिसांमुळे मागच्या टोकाला हवेचा अडथळा जास्त होतो, मागचा भाग जरा रेंगाळतो, आणि म्हणून पुढचा भाग पुढेच राहतो. मागे राहून पुढच्याला वळणावर ठेवण्याच्या या कामाला कोणत्याही खात्यात बढती नाही. पिसे किंचित तिरपी बसवली तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि आणखी सरळ जातो. मात्र एका बाणाची सगळी पिसे पक्ष्याच्या एकाच पंखाची हवीत, कारण डाव्या पंखाच्या पिसाचा बाक एकीकडे आणि उजव्याचा दुसरीकडे. दोन्हींची सरमिसळ झालेला बाण म्हणजे भावाभावांचा सामायिक सातबारा: ओढ दोन्हीकडे, निकाल काहीच नाही.

नागपुरात हाताने बाण करायचा तर सुरुवात लकडगंजातून होते. तेथे दाराच्या चौकटी, दिवाणाचे पाय, खाटेची गाते सहज मिळतात. नऊ मिलिमीटरच्या आतल्या जाडीची, तीस इंच लांबीची, उभ्या सरळ रेषांची गोल काडी मागितली की आरा मशीन थांबते. “एवढ्याशा काडीचं काय करता जी?” हा प्रश्न येतो. ‘बाण’ हे उत्तर दिल्यावर दुसरा प्रश्न येत नाही, पण नजर बदलते. मग सल्ला मिळतो तो सागवानाचा. विदर्भात सागाखेरीज इतर झाडांना लाकूड म्हणायची पद्धत नाही, आणि आलापल्लीच्या सागाचे नाव काढल्यावर तर वादच संपतो. पण साग बाणासाठी जड, शिवाय तेलकट. त्याला सरस नीट धरत नाही. पाइन हलका आणि सरळ, पण त्याची ओळख खोक्यांचे लाकूड अशी असल्याने त्याची शिफारस करणारा दुकानदार विरळा. गोंड, माडिया, कोरकू यांनी हा प्रश्न फार पूर्वी बांबूवर सोडवला. बांबू निखाऱ्यावर शेकून हाताने सरळ करता येतो, आणि मध्य भारतातल्या अनेक आदिवासी धनुष्यांची दोरीसुद्धा बांबूच्या कांबीचीच असते.

काडी जमली की खरी अडचण सुरू होते, ती पिसांची. प्राचीन ग्रंथकारांना ती नव्हती. वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदात बाणाला योग्य पिसांचे पक्षी सांगितले आहेत: कावळा, हंस, ससाणा, मासेखाऊ पक्षी, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर. प्रत्येक बाणाला चार पिसे, लांबी सहा अंगुळे, बांधायला स्नायूचे तंतू. सहा अंगुळे म्हणजे साधारण साडेचार इंच, आणि आजचे कारागीरही चार ते पाच इंचच पीस कापतात. माप इतकी शतके टिकले. यादी मात्र टिकली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती वाचताना बाणाची कृती कमी आणि आरोपपत्र जास्त वाटते. गिधाडांची तर दशा अशी की जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक त्यांना मारते हे कळल्यावर २००६ मध्ये त्या औषधावर बंदी घालावी लागली. कावळ्याचे पीस पितृपक्षात मागण्याचा धीर कोणाला होणार नाही.

मोराच्या बाबतीत कायद्याने विशेष विनोदबुद्धी दाखवली आहे. मोराच्या पिसाऱ्यातले गळलेले पीस, म्हणजे डोळा असलेले, बाळगायला सूट आहे. परंतु त्याचे तंतू सुटेसुटे असतात. ते एकमेकांना धरत नाहीत आणि हवाही धरत नाहीत. बाणाला लागते ते पंखाचे पीस. त्याच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात आणि सलग पाते तयार होते. विसकटले तरी बोटाने विंचरले की पुन्हा जुळते. तर मोराच्या ज्या पिसाला सूट आहे ते बाणाला निरुपयोगी, आणि जे उपयोगी त्याला सूट नाही.

उरते कोंबडी. नागपुरात सावजी रश्शाच्या कृपेने कोंबडीचा तुटवडा कधीच पडत नाही, पण ब्रॉयलरची पिसे आखूड आणि लेचीपेची निघतात. रश्शात जो जीव दिसतो तो पंखात नसतो. टर्की किंवा मोठे बदक पाळणारा कोणी ओळखीचा असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर रंगवलेली टर्कीची पिसे कुरिअरने मागवावी लागतात, आणि पाकिटात काय आहे हे घरच्यांना समजावण्यात एक संध्याकाळ जाते.

पीस हाती आल्यावर त्याची दांडी पात्याने उभी चिरतात. अर्धी दांडी पॉलिश कागदावर घासून सपाट करतात. येथे घाई केली की पातळ झालेली दांडी पिळवटते. मग बाणाच्या मागच्या खाचेपुढे इंचभर जागा सोडून तीन पिसे सारख्या अंतरावर, म्हणजे एकशेवीस अंशांवर चिकटवतात. त्यातले एक वेगळ्या रंगाचे असते. ते खाचेशी काटकोनात, धनुष्याच्या उलट्या बाजूला ठेवायचे, म्हणजे बाकीची दोन धनुष्याला अंग चोरून निघून जातात. शेवटी पिसाच्या पुढच्या टोकावर रेशमी दोरा गुंडाळून सरस फिरवतात. ही गुंडाळी टाळणाऱ्याच्या मुठीवरून बाण जातो तेव्हा दांडीचे टोक कातड्यात शिरते, आणि बाण लक्ष्याला लागायच्या आधीच रक्त निघते.

आकार देण्यासाठी कात्री चालते. काही जण तापलेल्या तारेने कडा जाळतात. जळक्या केसांचा तो वास शेजारच्या फ्लॅटपर्यंत जातो आणि चौकशीला माणसे येतात.

सजावट म्हणजे पिसांच्या पुढे काडीवर रंगाचे पट्टे. मूळ हेतू इतकाच, की एकाच लक्ष्यात पाचजणांचे बाण रुतले तर आपला ओळखू यावा; विशेषतः मधोमध लागलेला आपला होता हे सांगताना पुरावा असावा. काडी फिरती ठेवून कुंचला स्थिर धरला की पट्टा सरळ येतो. नागपुरी बाणावर एक पट्टा नारिंगी येतोच, त्याला इलाज नाही. ज्या घरात तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी सजतो तेथे रंग, बेगड, मणी, घुंगरू सगळे तयार असते, आणि धोका तेथेच आहे. बाणाचा तोल मध्याच्या थोडा पुढे हवा. मागच्या बाजूला रंगाचे थर चढत गेले की तोल मागे सरकतो आणि बाण देखणा होऊन वाकडा जातो. घुंगरू तर मुळीच नको.

नागपूरच्या ओजस देवतळेने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीच्या जागतिक विजेतेपदाच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले आणि त्याच वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदके मिळवली. त्याच्या कंपाउंड प्रकारातल्या बाणांची काडी आता कार्बनची आणि मागे प्लास्टिकची पाती असतात. त्या धनुष्यात बाण कशाला घासत नाही, म्हणून प्लास्टिक चालते. साध्या लाकडी धनुष्याला घासून जाताना पीस दबते आणि पुन्हा उभे राहते, प्लास्टिक धक्का देऊन बाण उडवते. म्हणून लाकडी धनुष्याशी अजून पीसच नांदते.

राखणीचे मुख्य शत्रू दोन: कसर आणि पाणी. पिसे कसरीने खाल्ली जातात किंवा कुजतात, म्हणून उत्खननात बाणांची लोखंडी टोके सापडतात, पिसे सापडत नाहीत, आणि इतिहास टोकांचाच लिहिला जातो. डबा घट्ट बंद ठेवावा, आत डांबराच्या गोळ्या घालाव्यात. नागपूरच्या उन्हाळ्यात बाण कूलरसमोर ठेवू नयेत. ओले पीस काडीला चिकटून बसते आणि बाण पुन्हा नुसती काडी होतो. चुरगळलेले पीस मात्र चहाच्या आधणाच्या वाफेवर क्षणभर धरले की पूर्ववत होते. त्या आधणात नंतर चहापत्ती टाकू नये.