गाडी काढा, काका!

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीचे स्वयंघोषित मुख्य अभियंता काका यांस,



गेल्या रविवारी मामीची नागपूरची गाडी कुर्ला टर्मिनसवरून वेळेवर सुटली. मामी तेव्हा आपल्या पार्किंगमध्ये होती. माझ्या गाडीपुढे तुमची वॅगनआर आडवी, आणि तिची चावी तुमच्या हातात. त्या चावीने तुम्ही तीन पोरांना हवेत एका न आलेल्या स्पोर्ट्स कारचं इंजिन काढून दाखवत होतात. मी तीनदा विनवलं. ‘दोन मिनिटं’ म्हणालात आणि मागच्या चाकांकडे वळलात.

पुरावा काय, तर झेब्र्यासारखे पट्टे चिकटवलेल्या गाडीचा, एक्स्प्रेसवेवर चालत्या बसमधून टिपलेला धूसर फोटो. मागे सायलेन्सरच्या चार नळ्या दिसल्या, म्हणून तुम्ही व्ही-एट जाहीर केलंत. नळ चार आहेत म्हणजे टाकीत पाणी आहे, असं समजणारा माणूस घाटकोपरात राहतो यावर माझा विश्वास बसेना. दारामागे फट दिसली की इंजिन मधे, बॉनेट लांब दिसलं की पुढे, काहीच कळलं नाही की बॅटरी! बॅटरी म्हटलं की पिनिनफारिनाची बत्तिस्ता. तिच्या १,९०० अश्वशक्तीबद्दल तर तुम्ही असे बोलता, जणू पिनिनफारिना महिंद्रांनी नव्हे, तुम्हीच विकत घेतली.

अवंती या स्पोर्ट्स कारच्या वेळीही हेच. २०१२ मध्ये दिलीप छाब्रियांनी ती दिल्लीत दाखवली आणि तुम्ही गेटवर होंडा की फोर्ड अशी पैज लावलीत. आत निघालं रेनोचं दोन लिटरचं टर्बो. पैजेचा वडापाव अजून यायचाय. २०१७ मध्ये जिनिव्हात टाटांची रेसमो आली. फुलपाखरी दारं, १.२ लिटरचं इंजिन, १९० अश्वशक्ती! तुम्ही पेढे वाटलेत. गाडी विक्रीला आलीच नाही. पेढा मी खाल्ला, कबूल.

आणि आली असती तरी नेणार होतात कुठे? एलबीएस मार्गावर मेट्रोच्या खांबांमधून? तिथे १९० घोडे आणि भाजीची हातगाडी बरोबरच पोचतात.

पण आता थट्टा पुरे. सत्तरीची बाई पार्किंगमध्ये बॅगेवर बसून रडली, काका. एका फोटोपायी! लाज वाटायला हवी होती.

त्याच गडबडीत तुमच्या तोंडून ‘आमच्या पद्मिनीत’ असं निसटलं. पोरांनी ऐकलंही नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पद्मिनीच्या त्या १,०८९ सीसीच्या इंजिनावर तुम्ही हात काळे केलेत, हे मला ठाऊक आहे. तिथे आता कोहिनूर सिटी आहे. रिक्षा तिकडून गेली की तुमची बडबड थांबते, तेही पाहिलंय.

असो. येत्या रविवारी मामी पुन्हा निघतेय. शनिवारी रात्रीच चावी वॉचमनकडे द्या. आणि तेवढं एक सांगून ठेवा: इंजिन मधे बसवलं, तर मामीच्या दोन बॅगा ठेवायच्या कुठे?

आपला,
मागे अडकलेला शेजारी