चिकटमीमांसा: मावळ प्रांती चिकटवहीचा आरंभ व तिची साधने

विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगितल्यावाचून शास्त्रारंभ होत नाही. प्रस्तुत शास्त्राचा विषय चिकटवही, प्रयोजन स्मृतिरक्षण, संबंध चिकट्य-चिकटकभाव, आणि अधिकारी तो, ज्याच्या टेबलाचा खण बंद होईनासा झाला आहे.

लक्षण

जी वस्तू टाकवत नाही आणि जिला ठेवण्यास जागा नाही, तिला पृष्ठावर निश्चल करणे म्हणजे चिकटन. पानांत नुसती सरकवलेली वस्तू हा निक्षेप होय. वही उलटी धरून झटकली असता जे पडते, ते चिकटवलेले नव्हते. हे लक्षण अव्याप्ती व अतिव्याप्ती या उभय दोषांपासून मुक्त आहे.

चिकट्य पदार्थ

लोणावळा परिसरात ते चतुर्विध आढळतात.

१. स्थूल: रेल्वेचे जुने पुठ्ठ्याचे तिकीट. अशी तिकिटे एकाच बाजूस लावल्यास वही पाचरीचा आकार धारण करते.

२. क्षणभंगुर: द्रुतगती मार्गावरील पथकराची पावती. तिच्यावरील अक्षरे उष्णतेने उमटवलेली असल्यामुळे ती कालांतराने विरतात, चिकटन मात्र टिकते. अशा वेळी नेमके काय चिकटलेले आहे, हा प्रश्न तत्त्वज्ञांवर सोपवावा.

३. वानस्पत्य: सोनकी, तेरडा, कारवी. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलत असल्यामुळे तो हंगाम चुकलेल्या साधकाने एक पान सात वर्षे कोरे राखावे.

४. स्वयंलग्न: गुळाचा अंश राहिलेले चिक्कीचे वेष्टन. हे चिकटवावे लागत नाही; सोडवावे लागते.

चिकटक व त्याविषयीची मते

पहिले मत शीतवाद्यांचे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी तांदूळ शिजल्यावर मुळातच किंचित चिकट होतो. सबब ताटातील एक शीत पुरे, असे ते म्हणतात. यावर खळवाद्यांचा आक्षेप असा की, शीताने कागदाखाली उंचवटा राहतो. म्हणून मैद्याची खळ शिजवावी आणि कसर लागू नये यासाठी तीत चिमूटभर मोरचूद घालावे. मोरचूद विषारी असल्यामुळे या मतात बोट चाटणे निषिद्ध आहे. शीतमतात ते विहित आहे.

तिसरे नव्यमत. ते १९५९ साली अवतरलेल्या फेव्हिकॉलला प्रमाण मानते. यात बोटावर वाळलेला पापुद्रा अखंड सोलून काढणे हे गौण फल होय. तथापि पुष्कळ साधक केवळ त्या फलासाठीच या मताचा अंगीकार करतात.

साधननिर्णय

आरंभेच्छू प्रथम कात्रीकडे धावतो. हा भ्रम आहे. पट्टी ठेवून, घडी घालून, ओली रेघ ओढूनही कागद सरळ फाडता येतो. शिवाय घरातील एकमेव धारदार कात्री शिवणाची असते आणि तिने कागद कापणे हे महापातक असून त्यास प्रायश्चित्त सांगितलेले नाही.

प्रधान साधन म्हणजे भार. ओला कागद फुगतो, सुकताना आकसतो आणि दाब नसल्यास पान पापडासारखे वळते. भार द्विविध: पाटा आणि ग्रंथ. पाटा अधिक गुणकारी; परंतु मसाल्याचा वास पानास लागतो. ग्रंथांत दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा कोणताही खंड चालतो. अकारादिक्रमाने दाबात फरक पडत नाही. दोहोंच्या खाली रद्दीचा कोरडा कागद घालावा, अन्यथा वही व शब्दकोश यांचे अद्वैत होते.

कालनिर्णय

पाऊस लोणावळ्याकडून तळेगावाकडे झपाट्याने उतरत जातो, तसा दाबाचा अवधीही उतरतो: लोणावळ्यास तीन रात्री, कामशेतास दोन, तळेगावास एक. मात्र आषाढ-श्रावणात हा नियम कोठेच लागू नाही. त्या दिवसांत घाटमाथ्यावरील हवाच ओली असते, डिंक वाळत नाही, पानांवर बुरशी येते, आणि जे चिकटवले ते सुटते व जे चिकटवले नाही ते चिकटते.

सिद्धान्त

म्हणून मावळात चिकटवहीचा आरंभ दसऱ्यानंतर करावा. प्रथम भार, मग चिकटक, मग वही मिळवावी. कात्री मागू नये. खळ वाटीभरच शिजवावी. ती उरल्यास आकाशकंदिलाला लागतेच.